मेहुण्याचा गिलावा

बूट घालताना तो रोज भिंतीला हात टेकवायचा. डावा पाय उचलला की उजवा तळवा आपोआप दारालगतच्या भिंतीवर जायचा, आणि इतक्या वर्षांत त्याला त्याचं कधी भानही नव्हतं. आज तळवा टेकला आणि चटका बसावा तसा त्यानं तो मागे घेतला. चटका कसला, भिंत गारच होती. गार आणि गुळगुळीत, इतकी की हाताला कुठे थांबावं ते कळू नये. एका पायावर तोल सावरत, अर्धा बूट घातलेला, तो तसाच लटकत राहिला आणि मग धाडकन चपलांच्या फळीवर जाऊन आदळला. "काय पाडलंत?" बायकोनं आतून विचारलं. "काही नाही. बूट." "बुटाचा एवढा आवाज?" तो खाली बसून नाड्या बांधू लागला, आणि बांधताना त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या भिंतीकडे जात राहिली. कोणी आपल्याकडे बघतंय का हे चोरून बघावं तसा तो बघत होता.

घर घेतलं तेव्हा ही भिंत म्हणजे नुसता भुगा होता. हात लावला की वाळू गळायची. मग बायकोचा धाकटा भाऊ सुट्टी काढून आला, जुना गिलावा खरवडून काढला, आणि दोन दिवस या एवढ्याशा भिंतीशी असा काही खेळत बसला की बायको शेवटी चिडून म्हणाली, "बाळ्या, राजवाडा नाही हा, दोन खोल्यांचं घर आहे." तो गडी हसला फक्त. सिमेंट असं घोटलं त्यानं, की खिडकीतला उजेड त्यात उतरायला लागला. आणि जाताना सांगून गेला, "दाजी, बाकी कुठेही रंग लावा, एवढ्या भिंतीला लावू नका." लावला नाही. उलट बायकोनं त्याचा एक रिवाजच करून टाकला. घरात कोणी पहिल्यांदा आलं, मग ती शेजारीण असो, विम्याचा माणूस असो नाहीतर नळ दुरुस्त करणारा, बसा म्हणायच्या आधी ती म्हणायची, "आधी हात लावून बघा." आणि पाहुण्यानं बावळटासारखा भिंतीवरून हात फिरवला की ती ऐटीत सांगायची, "माझ्या भावानं केलीय." त्याला या प्रकाराची लाज वाटायची. चारचौघांत बायकोच्या कौतुकाची वाटते तेवढीच, गोड लाज. आता त्या लाजेतला गोडवा कुठे गेला ते त्याला पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनही तो नाडीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत होता.

उठताना त्याला गॅलरीत मुलगी दिसली. ती कुंडीतली माती उकरून प्लॅस्टिकच्या बादलीत भरत होती आणि तिच्या हातात थापी होती. खरीखुरी, गवंड्याची. मुठीला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळलेली, पातं एका कडेनं झिजून तिरकं झालेलं. ही थापी त्यानं हजारदा पाहिली होती. मेहुणा ती कोणाला हात लावू द्यायचा नाही, दुसऱ्या गवंड्यानं उचलली तर म्हणायचा, "बायको माग, थापी मागू नको." "कुठून आणलीस ही?" मुलीनं मान वर न करता सांगितलं, "मामानं दिली. मला म्हणाला, तुला खेळायला घे, मला नको आता." तो काहीतरी बोलणार होता. माती पातळ थाप, आणखी पातळ, असं काहीतरी. पण तो तसाच जिना उतरला.

बांधकाम दोन गल्ल्या पलीकडे होतं. सरकारी दवाखान्याची नवी इमारत, तीन मजली, आता आतून गिलाव्याला आलेली. रस्त्यावरून चालताना त्याला वाटत होतं की लोक आज नेहमीपेक्षा जास्त भिंतींना टेकून उभे आहेत. पानाच्या टपरीला एक टेकलाय, शाळेच्या कुंपणाला दुसरा. सगळ्या शहराला कोणीतरी गिलावा केला होता आणि त्यातल्या एकाचंही नाव कोणाला माहीत नव्हतं. त्याचं स्वतःचं काम लिहिण्याचं. कंत्राटदाराच्या कचेरीत तो हजेरी आणि पगारपत्रक सांभाळायचा. साइटवर त्याला सगळे 'कारकूनसाहेब' म्हणायचे, यातला साहेब किती आणि कारकून किती हे म्हणणाऱ्याच्या मूडवर. इमारत सरकारच्या पैशातून उभी राहत होती आणि अशा कामाचा एक नियम होता, साधा, पोरालाही कळेल असा. माणसाच्या हातात जे काम, त्या कामाचा दर. गवंड्याला गवंड्याचा, सुताराला सुताराचा, माल वाहणाऱ्या हेल्परला हेल्परचा. दर सरकारनं ठरवलेला, त्याखाली जायचं नाही. आणि दर महिन्याला पगारपत्रकाखाली कोणीतरी सही करून द्यायची, की वर लिहिलंय ते खरं आहे. ते कोणीतरी म्हणजे तो.

काम सुरू झालं तेव्हा कंत्राटदारानं त्याला आत बोलावून घेतलं होतं. कंत्राटदार उंचीनं जेमतेम त्याच्या खांद्याला लागायचा, म्हणून की काय सगळे त्याला 'मोठे साहेब' म्हणायचे. मोठे साहेब मुळीच ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, माणूस ओरडण्याला तरी विरोध करतो. त्यांनी त्याला चहा दिला, बसायला खुर्ची दिली आणि अगदी घरातलं सांगावं तसं सांगितलं, "टेंडर आपण कमी दरानं भरलंय, तुमच्यापासून काय लपवायचं. सगळे गवंडी गवंडी म्हणून लिहिले तर तुम्ही-आम्ही सगळेच घरी बसू. निम्मे हेल्पर लिहा. काम त्यांना गवंड्याचंच द्या, फक्त लिहा. आणि निम्मे कोणते ते तुम्ही ठरवा. माणसं तुमची, तुम्हाला जास्त कळतं." चहा फार गोड होता एवढं त्याला अजून आठवत होतं. तो विरोध करणार होता. निदान नंतर त्याला तसं वाटायला लागलं, की आपण विरोध करणारच होतो. पण 'तुम्ही ठरवा' हे शब्द ऐकले आणि तो लगेच ठरवायला लागला. कोणाला लिहावं, कोणाला टाळावं. करायचं की नाही हा प्रश्न तिथल्या तिथे, चहाच्या कपाखाली कुठेतरी, दबून गेला.

आणि पहिलं नाव त्यानं मेहुण्याचं लिहिलं. का लिहिलं? या 'का'पाशी येऊन तो गेले काही दिवस रोज अडत होता, आणि रोज एक नवं कारण काढून पुढे सरकत होता. एक कारण असं की स्वतःच्या मेहुण्याला गवंडी लिहिला आणि परक्यांना हेल्पर, तर लोक म्हणतील कारकुनानं घरची सोय बघितली. हे कारण सभ्य होतं, चारचौघांत सांगण्यासारखं. दुसरं कारण असं की मेहुण्याला कामावर त्यानंच लावून दिलं होतं, तेव्हा हक्क होता. हेही चाललं असतं. पण या दोन्हींच्या खाली तिसरं होतं, आणि ते असं, की घरचा माणूस तक्रार करणार नाही. बस, एवढंच. आणि खरंच, मेहुण्यानं केली नाही. बाकीच्या चार गवंड्यांना हेल्पर लिहिलेलं कळलं तेव्हा त्यांच्यातला एक दाढीवाला तावातावानं कचेरीत आला होता. त्याला त्यानं शांतपणे सांगितलं, "माझा सख्खा मेहुणा हेल्पर लागलाय, मी काय बोलतोय का?" दाढीवाला गप्प झाला. मेहुणा असा झाकणासारखा कामी आला. त्या दिवशी रात्री मेहुणा जेवायला घरी आला होता, बायको वाढायला आत गेली तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "दाजी, हेल्पर?" आवाजात राग नव्हता, नुसतं न समजणं होतं. "अरे, कागदावर रे. पुढच्या बिलाला सरळ करतो." मेहुण्यानं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "बरं." मग भाचीला खांद्यावर घेऊन नाचवत बसला. पुढचं बिल आलं, त्याच्या पुढचंही आलं. ते 'बरं' मात्र तिथेच, जेवणाच्या ताटाजवळ, पडून राहिलं होतं.

साइटवर पोचल्या पोचल्या तो कचेरीत न जाता दुसऱ्या मजल्यावर गेला. जायचं नव्हतं, पाय घेऊन गेले. व्हरांड्याच्या भिंतीवर, वॉर्डाच्या दाराशेजारी, तो तुकडा होता. दोन्ही बाजूंना सपाट, साफ गिलावा आणि मधे हे, फुगलेलं, खड्डे पडलेलं, एका कोपऱ्यात भेग गेलेलं. जणू कोणी भिंतीवर माल फेकून मारलाय. तपासनीस बाई गेल्या आठवड्यात आल्या होत्या. कामगार खात्याच्या. गुडघा दुखत असावा, प्रत्येक पायरीवर थांबत वर आल्या, आणि आल्या त्या नेमक्या या व्हरांड्यात. मेहुणा परांचीवर होता, हातात थापी. खालून कोणीतरी शीळ घालायची पद्धत होती, सरकारी माणूस दिसला की हेल्पर लिहिलेल्यांनी थापी टाकून घमेलं उचलायचं. पण बाईंचा पायरव इतका हळू, की शीळ घालणाराच गाफील राहिला. "काय काम करता तुम्ही?" बाईंनी विचारलं. त्यांच्या मागे मोठे साहेब, आणि मोठ्या साहेबांच्या मागे तो. मेहुण्यानं बाईंकडे पाहिलं नाही. त्यानं बाईंच्या डोक्यावरून, मोठ्या साहेबांच्या डोक्यावरून, थेट दाजींकडे पाहिलं. आणि दाजींनी काय केलं? काही नाही केलं. मान हलवली नाही, डोळा मारला नाही, तोंड उघडलं नाही. नुसता चेहरा एवढासा करून उभा राहिला. त्या चेहऱ्यात मेहुण्याला काय ते दिसलं. "हेल्पर आहे बाई," तो म्हणाला. "हात बसतोय का बघत होतो." बाई म्हणाल्या, "अस्सं. मग बघू तर, किती बसलाय. थोडं करून दाखवा."

त्यानंतरचं त्याला नुसतं आठवत नव्हतं, अंगावर येत होतं. मेहुण्यानं परांचीवर वळून माल उचलला. जास्त उचलला, आणि अर्धा खाली पडला. उरलेला भिंतीवर थापला, दाबला, पट्टी फिरवली ती उलटी. माल सुटून त्याच्या मनगटावरून ओघळला. त्या माणसाच्या हाताला हे जमत नव्हतं. वाईट करणं जमत नव्हतं. हात सवयीनं सरळ जायचा आणि तो त्याला मधेच अडवून वाकडा न्यायचा. कपाळावर घाम फुटला होता. व्हरांड्यात चौदा-पंधरा माणसं उभी होती, सगळी त्याला ओळखणारी, त्यातली दोघं तर त्याच्याकडूनच शिकलेली. मोठे साहेब तेवढे हसले. "बघा बाई, याला गवंडी म्हणायचं म्हटलं तर इमारत पडायची!" बाईंनी लिहून घेतलं आणि गुडघ्यावर हात ठेवून पुढे गेल्या. मेहुणा परांचीवरून उतरला, आणि त्याच्या शेजारून जाताना अगदी हळू, जवळजवळ त्याची समजूत काढावी तसं म्हणाला, "जमलं ना दाजी?" त्या क्षणी त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. हो, हायसं. ते हायसं आठवलं की त्याला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटे.

आणि त्या दिवसापासून मेहुण्यानं थापी उचलली नाही. सकाळी यायचा, घमेलं घ्यायचा आणि माल वाहायचा. गवंडी वरून ओरडायचे, "अरे ये की वर, कशाला नाटक करतोस!" हा म्हणायचा, "बाई परत आल्या तर? नको." सुरुवातीला त्याला वाटलं, राग काढतोय. राग असता तर समजूत काढता आली असती. पण मेहुणा खरोखरच जपत होता, दाजींना जपत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या जपण्यात त्याचं काहीतरी संपत चाललं होतं. आज ते काय होतं हे त्यानं पाहिलं होतं, मुलीच्या हातात.

दुपारी डबा खायला तो मेहुण्याशेजारी विटांच्या थप्पीवर जाऊन बसला. बाकीची माणसं आपोआप जरा लांब सरकली. "थापी पोरीला दिलीस?" "हां. गंजली असती नुसती." "बाळ्या, मी बाईंना सांगणार आहे." "काय?" "जे आहे ते." मेहुणा चावता चावता थांबला, मग हसला. "दाजी, डोकं ठिकाणावर आहे ना? नोकरी जाईल तुमची. घराचे हप्ते आहेत, पोरगी शाळेत जातेय. आणि सांगून होणार काय? मी बाईंच्या तोंडावर सांगितलंय हेल्पर म्हणून. करून दाखवलंय. त्यांनी परत विचारलं तर मी परत तेच सांगणार." "का पण?" "का म्हणजे? ताईचा संसार मोडायला मी साक्ष देऊ?" वरच्या मजल्यावर कोणीतरी पत्रा ओढत नेत होतं. "आणि तुझं कुशल कामगाराचं कार्ड?" त्यानं विचारलं. त्या कार्डासाठी मेहुण्यानं अर्ज केला होता. ते मिळालं की पुढच्या कुठल्याही सरकारी कामावर त्याला कोणी हेल्पर लिहू शकलं नसतं. पण त्यासाठी सलग दोन वर्षं गवंडी म्हणून नोंद लागत होती. "ते नाही होणार आता," मेहुणा म्हणाला. डबा बंद करताना त्याचा हात झाकणावर जरा जास्तच वेळ राहिला. "एक करा मात्र, दाजी. तो तुकडा तेवढा काढायला सांगा कोणाला तरी. येता-जाता दिसतो. लोकांना वाटेल मी केलाय." एवढ्यातच त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला, आणि तो घाईनं उठून हात धुवायला गेला.

चार वाजता मोठ्या साहेबांनी बोलावलं. टेबलावर कागद तयार होता, नेहमीचाच, प्रत्येकाला त्याच्या कामाप्रमाणे दर दिला आहे असं सांगणारा. "यावेळी बाईंनी स्वतः नेऊन द्यायला सांगितलंय, त्यांच्या कचेरीत. करा सही आणि या देऊन," मोठे साहेब म्हणाले, आणि खुशीत पुढे, "तुमच्या मेहुण्यानं मात्र पुण्य केलं बघा. आता खुद्द बाईंनीच डोळ्यांनी बघून लिहिलंय, हेल्पर. आता तो हेल्परच, आणि त्याच्या मागचे चारही. कोणाच्या बापाची टाप नाही बदलायची." त्यानं कागद घेतला. "सही वाटेत करतो, पेन चालत नाही," तो म्हणाला. पेन व्यवस्थित चालत होतं. खिशात ते त्याच्या छातीला टोचत होतं.

बाईंची कचेरी एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. बाई निघायच्या तयारीत होत्या, गुडघ्यावर पट्टा बांधत होत्या. "ठेवा तिथे," त्या म्हणाल्या. त्यानं कागद ठेवला. बाईंनी सवयीनं खाली पाहिलं. "सही राहिली तुमची." "राहिली नाही. केली नाही." बाईंनी पट्टा तसाच सोडून वर पाहिलं. वाटेत त्यानं एक मोठं वाक्य जमवलं होतं, त्यात 'सदसद्विवेक' असा एक शब्दही होता. त्यातलं एक अक्षर तोंडात येईना. "बाई, तुम्ही त्या दिवशी जो गिलावा बघितला तो खोटा होता." "म्हणजे?" "तो माणूस गवंडी आहे. चांगला. फार चांगला. तुमच्यासमोर त्यानं मुद्दाम बिघडवलं." बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. थकलेल्या माणसासारख्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता गवंडी, तो म्हणतो हेल्पर, आणि मी डोळ्यांनी पाहिलं ते हेल्परचं. आता मी कोणाचं धरू? उद्या त्याला विचारलं तर?" "तो हेल्परच सांगेल." "मग?" आणि इथे, या 'मग'नंतर, त्याच्या तोंडून जे गेलं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. "मग तुम्ही माझ्या घरी चला. एक भिंत दाखवतो."

दोघं रस्त्यानं हळूहळू चालत होती, बाईंच्या गुडघ्याच्या गतीनं. त्याला वाटलं होतं आता हलकं वाटेल. हलकं बिलकं काही वाटत नव्हतं. उलट, आता सगळं उघडं पडणार हे कळल्यावर आतला चोर आणखी घाबरून धावत होता. हे आपण मेहुण्यासाठी करतोय की आपल्याला झोप यावी म्हणून? मेहुण्याला विचारलंय का? तो नाही म्हणाला होता, चक्क नाही म्हणाला होता. आणि भिंत दाखवायची म्हणजे काय? भिंतीला काय तोंड आहे? सांगणार बायको. दारात पाऊल टाकताच ती म्हणणार, आधी हात लावून बघा. मग म्हणणार, माझ्या भावानं केलीय. तिला काहीच माहीत नव्हतं. आपला भाऊ गवंडी म्हणून कामावर आहे आणि नवऱ्यानं त्याला मानानं लावून दिलंय, एवढंच तिला माहीत. तिच्या तोंडून हे निघालं की त्याला काही बोलावंच लागणार नव्हतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना हे त्याच्या लक्षात आलं आणि तो तिथेच थांबला. पुन्हा तेच. पुन्हा घरचंच माणूस पुढे केलं, कारण ते तक्रार करणार नाही.

"दमलात?" बाईंनी विचारलं. "नाही," तो म्हणाला. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, परत चला, मी इथेच, जिन्यातच सांगतो. पण बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत होत्या आणि वर दार आधीच उघडलं होतं. बायकोनं गॅलरीतून पाहिलं असावं. "या, या," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या, कोण हो या, अशा अर्थाच्या. मग, त्यानं दोरी ओढावी तसं तिचं सुरू झालं. "बसा हं, पण आधी एक गंमत. हात लावून बघा या भिंतीला." बाईंनी पर्स काखेत धरली आणि तळवा भिंतीवर ठेवला. ठेवला तो काढला नाही. हळूहळू वर नेला, दाराच्या चौकटीपर्यंत, मग खाली, मग कोपऱ्यात, जिथे सगळ्या गवंड्यांचा हात चुकतो तिथे बोट दाबून पाहिलं. बायको आनंदानं पाहत होती. एवढं मन लावून आजवर कोणी बघितलं नव्हतं. "सापडते का कुठे खोट? नाही सापडायची. माझ्या भावानं केलीय." "अस्सं," बाई म्हणाल्या. "भाऊ काय करतात? कुठे असतात कामाला?"

बायकोनं तोंड उघडलं. "तिला नका विचारू, बाई," तो म्हणाला. आवाज एवढा मोठा निघाला की गॅलरीतली मुलगीही आत येऊन उभी राहिली, हातात मातीनं भरलेली थापी. "तिला काही माहीत नाही. मी सांगतो. तुम्ही त्या दिवशी त्याला विचारलंत ना, काय काम करता म्हणून? ते मला विचारायला हवं होतं. मी कंत्राटदाराकडे लिहायचं काम करतो. कोण गवंडी, कोण हेल्पर, ते मी लिहितो. ही भिंत ज्यानं केली त्याला मी हेल्पर लिहिलं. पहिला त्यालाच. साहेबांनी नाव दिलं नव्हतं, नाव मी निवडलं. त्याच्या नावावर बाकीच्या चौघांची तोंडं बंद केली. आणि तुमच्यासमोर त्यानं बिघडवलं ते माझ्याकडे बघून, माझ्यासाठी. घ्या लिहून, सही मी करतो."

बाईंनी लिहायला काही काढलं नाही. एक हात अजून भिंतीवर होता. "बसून लिहू," त्या हळूच म्हणाल्या, पण बसल्या नाहीत, कारण बायको मधे उभी होती. ती कोणाकडे बघत होती ते कळत नव्हतं. आधी बाईंच्या हाताकडे, मग भिंतीकडे, मग मुलीच्या हातातल्या थापीकडे, थापीच्या मुठीवरच्या कापडाकडे. ते कापड बायकोच्याच जुन्या ओढणीचं होतं, तिनं स्वतः गुंडाळून दिलेलं. सगळ्यात शेवटी तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"हेल्पर?" तिनं विचारलं.

तिच्या भावानं विचारलं होतं अगदी तसंच, त्याच आवाजात. तो वाट बघत राहिला. पण ती 'बरं' म्हणाली नाही.